आमवात आणि आकडा

आमवात जडला तेव्हा मी तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होते. सकाळी मूठ वळायची नाही, मनगटं सुजलेली, फळ्यावर लिहायला खडू धरवायचा नाही. तिथल्या डॉक्टरांनी निदान बरोबर केलं, मेथोट्रेक्झेटही सुरू केलं. पण त्यानंतर दर भेटीत प्रश्न एकच: "बरं वाटतंय ना?" सोबत स्टेरॉइडची गोळी होती, त्यामुळे बरं वाटायचंच. मग "हेच चालू ठेवा." मेथोट्रेक्झेटचा डोस आठवड्याला १० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं तसाच राहिला. सांधे कुणी मोजलेच नाहीत. अखेर एक्स-रेमध्ये मनगटाची हाडं कुरतडल्यासारखी दिसली, आणि ही झीज भरून येत नाही.

मग पुण्याला संधिवाततज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे असे २८ सांधे एकेक करून दाबून पाहिले. दुखणारे किती, सुजलेले किती, हे लिहून घेतलं. आजाराचा जोर ० ते १० मध्ये किती वाटतो, ते मला विचारलं आणि स्वतःचाही अंदाज मांडला. चारही आकड्यांची बेरीज आली २६. या बेरजेला सीडीएआय म्हणतात. २२च्या वर आजार तीव्र, १०पर्यंत सौम्य, आणि २.८ किंवा त्याहून कमी म्हणजे आजार शांत. त्यासाठी रक्त तपासावं लागत नाही.

"बाई, आपल्याला २.८च्या खाली जायचंय. नाहीच जमलं तर निदान १०च्या आत," डॉक्टर म्हणाले. मेथोट्रेक्झेट टप्प्याटप्प्यानं वाढवलं, स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. तरी आकडा अडून राहिला, तेव्हा सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडलं. आज आजार शांत आहे. मनगट मात्र पूर्ण वाकत नाही.

ही पद्धत काही एका डॉक्टरांची लहर नव्हे. ग्लासगोमध्ये झालेला 'टिकोरा' अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ११० रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीसारखे उपचार, तर उरलेल्यांच्या आजाराचा जोर दर महिन्याला मोजून त्याप्रमाणे औषधं वाढवली. दीड वर्षानंतर नेहमीच्या गटात १६ टक्के, तर मोजणाऱ्या गटात ६५ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला. महागडी बायोलॉजिक इंजेक्शनं कुणालाच दिली नव्हती. औषधं जुनीच होती, ती वेळेवर वाढवली गेली एवढंच.

म्हणून आमवाताच्या रुग्णांना आणि घरच्यांना चार गोष्टी सांगते.

आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा. आजार जोरात असेल तर एक ते तीन महिन्यांनी तपासणी हवी. तीन महिन्यांत ठळक फरक नाही, किंवा सहा महिन्यांत लक्ष्य गाठलं नाही, तर उपचार बदलायचे का, हे तुम्हीच विचारा. दरवेळी आरए फॅक्टर करून घेण्यात अर्थ नाही. तो निदानाच्या कामाचा, आजाराचा चढउतार त्यातून कळत नाही. त्या २८ सांध्यांत पावलं येत नाहीत, म्हणून तळपाय किंवा घोटे दुखत असतील तर चपला काढून दाखवा.

मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवा, तो पाकिटावर लिहा, फॉलिक अ‍ॅसिड सांगितल्याप्रमाणे घ्या. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या टाळू नका. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण गरोदरपणात हे औषध चालत नाही.

स्टेरॉइड हा सुरुवातीचा तात्पुरता आधार आहे. त्यावर वर्षं काढू नका, आणि ते मनानं एकदम बंदही करू नका. बायोलॉजिक किंवा टोफासिटिनिब सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी झालीच पाहिजे. खर्चाची अडचण असेल तर लाजू नका, जेनेरिक औषध मिळेल का ते विचारा.

आकडा हीही शेवटची गोष्ट नाही. जुन्या झिजेमुळे सांधा दुखत असेल तर औषध वाढवून उपयोग नसतो. वय झालेलं असेल, इतर दुखणी असतील, तर १०च्या आत राहणं हेही पुरेसं लक्ष्य ठरू शकतं. पण ते लक्ष्य डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून ठरवलेलं हवं.

पुढच्या भेटीत एवढं विचाराच: माझा आकडा आज किती, तो कुठवर आणायचा, आणि ठरल्या वेळेत आला नाही तर आपण काय करणार?