सर्व्हरच्या गाभ्याचे नूतनीकरण

सीवूड्स-दारावे स्थानकात उरणकडे जाणारी उपनगरी गाडी धरली की काही स्थानकांनंतर न्हावा-शेवा येते. १२ जानेवारी २०२४ पासून ही गाडी थेट उरणपर्यंत धावू लागली आणि खाडीपलीकडचे जवाहरलाल नेहरू बंदर नवी मुंबईकरांना अधिकच जवळचे झाले. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या या बंदरावर २७ जून २०१७ रोजी एक आगळेच संकट कोसळले. 'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या गेलेल्या संगणकीय हल्ल्यात मर्स्क या जागतिक नौवहन समूहाची यंत्रणा कोलमडली आणि त्या समूहाकडे असलेल्या येथील कंटेनर टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोणाचा, याचा उलगडा संगणकावरून होईना. काम हातांनी रेटण्याची पाळी आली. क्रेन मोडली नव्हती, धक्का खचला नव्हता. बंद पडले होते ते संगणक.

या हल्ल्याच्या फैलावाची एक वाट विंडोज कार्यप्रणालीतील एका दोषातून जात होती. फाइलींची देवाणघेवाण सांभाळणारा तो भाग कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या पातळीवर चालतो. या दोषावरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या १०५ दिवस आधी, प्रसिद्ध झालेली होती. चोरलेल्या पासवर्डांच्या साहाय्याने हा विषाणू दुरुस्त केलेल्या यंत्रांपर्यंतही पोचू शकत होता, हे खरे. तथापि, जाळ्यातील एखादे यंत्र दुरुस्तीवाचून राहिले तरी त्याचे काम सोपे होत असे. मर्स्कला पुढे दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

आज पतसंस्था, रुग्णालय, शाळा, नगरपालिका यांपैकी बहुतेकांचे दैनंदिन व्यवहार कोठे ना कोठे एखाद्या सर्व्हरवर अवलंबून असतात. त्यामुळे त्याच्या गाभ्याचे नूतनीकरण कसे करावे, हे तंत्रज्ञाप्रमाणेच संस्थेच्या जबाबदार पदाधिकाऱ्यानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

गाभा म्हणजे काय?

कार्यप्रणालीच्या गाभ्याला 'कर्नेल' असे म्हणतात. कठीण कवचाच्या आतील गर, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. सैन्यातील कर्नलशी त्याचे काही नाते नाही. सर्व्हरवरील कोणताही प्रोग्राम मेमरी, डिस्क किंवा नेटवर्क यांना परस्पर हात लावत नाही. कार्यालयातील प्रत्येक टेबलाने भांडारपालाकडे मागणी नोंदवावी आणि त्याने अधिकार तपासून वस्तू द्यावी, तसा हा कारभार चालतो. साहजिकच भांडाराच्या कुलपातच खोट असेल, तर टेबलांच्या खणांना लावलेल्या कुलपांचा उपयोग उरत नाही.

जगातील फार मोठ्या संख्येने सर्व्हर 'लिनक्स' या कर्नेलवर चालतात. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ते प्रथम जगापुढे ठेवले. त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. तरीही २००७ पासून त्यात दडून राहिलेला एक दोष २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीस आला. 'डर्टी काऊ' या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्याचा गैरफायदा घेऊन सामान्य वापरकर्त्याला सर्व्हरचे सर्वाधिकार मिळविता येत होते. जे इतकी वर्षे बिनतक्रार चालले ते निर्दोष असेलच असे नाही, हा त्याचा बोध होय.

बसविले म्हणजे बदलले नव्हे

नवा कर्नेल बसविताना तो डिस्कवर उतरतो, परंतु चालू असलेला कर्नेल जुनाच राहतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्यावरच नव्याच्या हाती कारभार येतो. 'दुरुस्ती बसविली' अशी नोंद होते आणि यंत्र मात्र महिनोन्‌महिने जुन्याच दोषासह चालत राहते, असे यामुळे घडू शकते. लिनक्सवर 'युनेम' ही आज्ञा 'आर' या पर्यायासह दिली असता सध्या चालू असलेल्या कर्नेलचा क्रमांक दिसतो. नोंदवहीत लिहावयाचा तो हाच क्रमांक.

न थांबवता दुरुस्ती करण्याची सोयही आहे. चालू कर्नेलवरच ठिगळ लावण्याची ही पद्धत लिनक्सच्या ४.० या आवृत्तीपासून, २०१५ साली, मूळ कर्नेलमध्ये समाविष्ट झाली. परंतु तातडीच्या सुरक्षा दोषांपुरतीच ती उपयुक्त ठरते. संपूर्ण नवी आवृत्ती घ्यावयाची तर सर्व्हर पुन्हा सुरू करणे टळत नाही.

पूर्वतयारी

पुन्हा सुरू होताना सर्व्हर उठलाच नाही तर, ही चिंता रास्त आहे. त्यावरील उपाय म्हणजे नूतनीकरण टाळणे हा नव्हे, तर परतीची वाट मोकळी ठेवणे हा होय. त्यासाठी पुढील गोष्टी आधी कराव्यात.

१. सर्व माहितीची राखीव प्रत काढावी, ती अन्य ठिकाणी ठेवावी आणि तीतून माहिती खरोखर परत मिळते, हे एकदा पडताळून पाहावे. न पडताळलेली प्रत ही केवळ समजूत असते.

२. 'बूट' या विभागात पुरेशी जागा आहे ना, ते पाहावे. कर्नेल याच विभागात राहतात. जागा अपुरी पडली तर नवा कर्नेल अर्धवट बसतो.

३. डिस्क-नियंत्रक किंवा नेटवर्क-कार्ड यांचे ड्रायव्हर बाहेरून बसविलेले असल्यास ते नव्या कर्नेलसाठी पुन्हा तयार होतात का, याची खात्री करावी. अन्यथा सर्व्हर उठेल, पण त्याला स्वतःची डिस्कच दिसणार नाही.

४. त्याच घडणीच्या दुसऱ्या, कमी महत्त्वाच्या यंत्रावर प्रयोग आधी करून पाहावा.

५. वेळ ठरवून ती जाहीर करावी. हार्बर मार्गावर रविवारी मेगाब्लॉक असतो तेव्हा रेल्वे तो आधी जाहीर करते. सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची असली की फलकावर सूचना लागते आणि लोक आदल्या रात्री पाणी भरून ठेवतात. सर्व्हरच्या बाबतीतही हाच शिष्टाचार पाळावा. पूर्वसूचना दिलेला अर्धा तास लोक सहन करतात. अचानक बंद पडलेला अर्धा दिवस करीत नाहीत.

प्रत्यक्ष बदल

नवा कर्नेल जुन्याच्या जागी न बसविता त्याच्या शेजारी बसवावा. फेडोरा परिवारातील प्रणालींत मागील धरून तीन कर्नेल ठेवण्याची सोय मुळातच असते. यंत्र सुरू होताना त्यांपैकी कोणता उचलावयाचा, हे 'ग्रब' हा छोटा प्रोग्राम ठरवितो. नवा कर्नेल केवळ पुढील एका वेळेपुरता उचलावा, अशी आज्ञा ग्रबला देता येते. जोडीला, कर्नेल कोसळल्यास दहा सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशी सूचना द्यावी. मग नवा कर्नेल कोसळला तरी दुसऱ्या खेपेस जुनाच उभा राहतो आणि मध्यरात्री कोणाला सर्व्हरपर्यंत धावावे लागत नाही. यंत्र न कोसळता नुसते थिजले तर मात्र वीज बंद करून पुन्हा सुरू करावी लागते. म्हणून दूरच्या यंत्रासाठी ती सोय आधीच करून ठेवावी.

सर्व्हर उठल्यावर 'युनेम'ने क्रमांक पाहावा, डिस्क व नेटवर्क तपासावे, अडचणींच्या नोंदी वाचाव्यात आणि प्रत्यक्ष वापरणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याकडून पावती काढून, नोंद उघडून पाहावी. सर्व ठीक असल्यास नवा कर्नेल कायमचा नेमावा. जुना मात्र लगेच काढू नये. महिनाअखेरची कामे, मोठे अहवाल असा एखादा भार नव्याने पेलल्यानंतरच त्याला निरोप द्यावा.

जबाबदारी कोणाची?

नव्या दोषांची माहिती देण्यासाठी केंद्र शासनाची 'सर्ट-इन' ही संस्था २००४ पासून कार्यरत आहे. तिच्या सूचना कोणी वाचावयाच्या, त्यांवर किती दिवसांत कार्यवाही करावयाची आणि सर्व्हर केव्हा बंद ठेवावयाचा, हे निर्णय मात्र संस्थेनेच घ्यावयाचे असतात. ते केवळ तंत्रज्ञावर सोडले तर 'आज कामाची गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात पाहू' असे होत राहते. त्याला वेळ देणे, पर्यायी यंत्र देणे आणि ठरलेला खंड वरिष्ठांनी स्वतःच्या सहीने जाहीर करणे, एवढे केले तरी अर्धे काम होते.

न्हावा-शेवा येथील त्या दिवसांचा धडा हाच आहे. यंत्रणा कधीतरी थांबणारच. आपण ठरविलेल्या घटकेला ती थोडा वेळ थांबवावी, की दुसऱ्या कोणी ठरविलेल्या घटकेला ती थांबेपर्यंत वाट पाहावी, एवढीच निवड आपल्या हाती असते.