इलेक्ट्रिक गाडीला हिच: दोनशे डॉलरचं लोखंड आणि पुढचा खर्च

अमेरिकेतल्या मराठी घरात इलेक्ट्रिक गाडी आली की आज ना उद्या हिचचा, म्हणजे मागे ट्रेलर किंवा सायकल-रॅक जोडायच्या लोखंडी जोडणीचा, विषय निघतोच. मुलांच्या सायकली न्यायच्या असतात, घर बदलायचं असतं, नाहीतर मंडळाच्या गणपतीचं मखर आणि स्टेजचं सामान कुणाच्या तरी गराजमधून हॉलवर पोचवायचं असतं. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "अरे, दोनशे डॉलरला मिळते ऑनलाइन. शनिवारी बसवून टाकू." मिळते हे खरं आहे. पण दोनशे डॉलरला नुसतं लोखंड येतं.

पैशाआधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि टोइंगचं पान काढा. टेस्लाच्या मॉडेल वायला टो पॅकेजसह ३,५०० पौंड ओढायची मुभा आहे, मॉडेल एक्सला ५,०००. फोक्सवॅगन आयडी.४ची ऑल-व्हील ड्राइव्ह आवृत्ती २,७०० पौंडांपर्यंत जाते. मॉडेल ३ला मात्र अमेरिकेत ट्रेलर ओढण्याची परवानगीच नाही. इथे हमखास वाद होतो, कारण हीच मॉडेल ३ युरोपात १,००० किलो ओढते. ह्युंदाई आयोनिक ५चंही तसंच: युरोपात मोठ्या बॅटरीच्या गाडीला १,६०० किलो, म्हणजे साडेतीन हजार पौंड, अमेरिकेत ती आली तेव्हा आकडा होता १,५००. कारण युरोपात ट्रेलर साधारणपणे ताशी ८० ते १०० किलोमीटरनेच चालवतात आणि हिचवर भारही कमी ठेवतात. अमेरिकेत ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर यावा अशी रीत आहे आणि हायवेवरचा वेगही जास्त असतो. म्हणून जर्मनीतल्या मेव्हण्याचा आकडा न्यू जर्सीत लावू नका.

मॉडेल ३साठीही बाजारात हिच मिळते. ती सायकल-रॅकसाठी घ्या, ट्रेलरसाठी नको.

आता खर्च. नवी मॉडेल वाय ऑर्डर करतानाच टो पॅकेज घेतलं तर सुमारे १,००० डॉलर पडतात. त्यात दोन इंची रिसीव्हर, सात पिनांचं वायरिंग आणि गाडीच्या सॉफ्टवेअरमधला ट्रेलर मोड, सगळं येतं. हेच नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये बसवून घेतलं तर काही शे डॉलर जास्त मोजावे लागतात, कारण मागचा बंपर उतरवून आतला आडवा बीमच बदलायचा असतो. बाहेरच्या कंपनीची हिच २०० ते ५०० डॉलरला मिळते आणि दुकानदार बसवायचे साधारण १०० ते ३०० घेतो. मजुरीतला हा फरक गाडीवर ठरतो: कुठे चार बोल्ट कसले की काम झालं, कुठे बंपर उतरवून खालचं प्लॅस्टिक कापावं लागतं. प्लॅस्टिक कापायचं असेल तर तसं आधी लेखी विचारून घ्या. आणि गाडी लीजवर असेल तर कापूच देऊ नका. परत करताना तो खड्डा तुमच्या नावावर लागेल.

खरी मेख वायरिंगमध्ये आहे. जुन्या कॅमरीत मागच्या दिव्याची वायर सोलून तिला ट्रेलरचे दिवे जोडले तरी चालून जायचं. इलेक्ट्रिक गाडीत ते करू नका. दिवे एलईडीचे असतात, त्यांच्यावर संगणकाची नजर असते आणि जास्तीचा भार दिसला की पडद्यावर बिघाडाचा इशारा झळकतो. इथे वेगळा पॉवर्ड कन्व्हर्टर लागतो. तो दिव्यांकडून फक्त इशारा घेतो आणि वीज गाडीच्या वेगळ्या छोट्या बॅटरीतून ओढतो. त्यातही नव्या टेस्लांमध्ये ही छोटी बॅटरी बारा व्होल्टची नसून सुमारे सोळा व्होल्टची लिथियम आयन असते, त्यामुळे कन्व्हर्टर तेवढं सोसणारा आहे का ते बघावं लागतं. किट आणि जोडणी मिळून दीडशे ते चारशे डॉलर धरा. 'युनिव्हर्सल' लिहिलेलं वीस डॉलरचं किट दुकानातच राहू द्या. आणखी एक गोष्ट: कारखान्याचं वायरिंग नसेल तर ट्रेलर जोडलाय हे गाडीला आपोआप कळत नाही. मागचे सेन्सर ट्रेलरलाच भिंत समजून बोंब मारतात.

एवढ्यावर भागत नाही. बॉल माउंट, बॉल, कुलूपवाली पिन, सुरक्षा साखळ्यांचे हुक मिळून आणखी ७० ते १०० डॉलर जातात. बॉल घेताना माप विचारा. लहान ट्रेलरना बहुधा एक पूर्णांक सात-अष्टमांश किंवा दोन इंची लागतो. चांगल्या सायकल-रॅकला तर हिचपेक्षा जास्त पैसे पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तोच प्रकार.

वजनाचा हिशेब कागदावर एकदा तरी मांडा. भाड्याने ट्रेलर देणाऱ्या यू-हॉलचा ५ बाय ८ फुटी बंद ट्रेलर घ्या. रिकामा ९०० पौंड, भरून जास्तीत जास्त २,७००. पूर्ण भरला तर हिचवर किमान २७० पौंड भार यायला हवा. हा भार गाडीच्या पोटातल्या सामानासारखाच मोजला जातो. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर दिसेल: माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालेल ते त्यावर छापलेलं असतं. त्यातून २७० वजा करा, मग घरच्या मंडळींची वजनं वजा करा. पाच मोठी माणसं असतील तर डिकीत डब्यांची पिशवी ठेवायलाही जागा उरत नाही, निदान कागदावर तरी. हिचवरचा भार मोजायला बाथरूममधला वजनकाटा चालतो, फक्त त्याची कमाल मर्यादा आधी बघा. ट्रेलर सपाट जागी ठेवून चाकांना अडण लावा, काट्यावर लाकडाचा ठोकळा उभा करून ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवा आणि आकडा वाचा. कमी आला तर सामान पुढे सरकवा. मागे जड झालेला ट्रेलर वेग घेतला की शेपटी हलवायला लागतो आणि मग गाडी आवरत नाही.

वॉरंटीची भीती जरा जास्तच घातली जाते. १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा सुटा भाग लावला एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे तिने दाखवायला हवं. मात्र ओढायची परवानगी नसलेल्या गाडीने ट्रेलर ओढून मोटर बिघडली, तर या कायद्याच्या जोरावर भांडायला जाऊ नका. विमा कंपनीला मात्र हिच बसवण्याआधी एक ईमेल टाकून ठेवा.

आता बिलात न दिसणारा खर्च. मोटरट्रेंड मासिकाने फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगला तीन वेगवेगळे ट्रेलर लावून पाहिले. एका चार्जमध्ये ३०० मैल जाणारी ही गाडी सुमारे ३,१०० पौंडांच्या ट्रेलरसह ११५ मैल गेली, तर ७,२०० पौंडांच्या ट्रेलरसह ९०. वजन दुपटीहून जास्त वाढलं, अंतर मात्र पंचवीस मैलांनीच घटलं. खरा शत्रू वारा आहे. बंद, उंच, चौकोनी ट्रेलर हवा कापत नाही, ढकलतो. म्हणून उघडा, बुटका ट्रेलर मिळाला तर तोच घ्या आणि ताशी ५५ मैलांच्या वर जाऊ नका. यू-हॉलची मर्यादा तीच आहे, कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५. लांब पल्ल्याचा बेत नेहमीच्या निम्म्या रेंजवर आखा. शिवाय बहुतेक फास्ट चार्जरच्या जागा गाडी मागे घेऊन लावायच्या असतात. दर थांब्याला ट्रेलर सोडा, बाजूला लावा, चार्ज करा, पुन्हा जोडा. लॉस एंजेलिसहून बे एरियात हे दोन-तीनदा करायचं म्हणजे सोबत शांत स्वभावाचा माणूस हवा.

माझं मत सांगतो. नवी मॉडेल वाय घेत असाल आणि वर्षातून चार-पाचदा काही ओढणार असाल, तर कंपनीचं पॅकेज ऑर्डरमध्येच टाका. नुसत्या सायकलींसाठी बाहेरची दोन इंची हिच वायरिंगशिवाय पुरे. हिच आणि मजुरी मिळून पाचशेच्या आसपास काम होतं. रॅकने नंबरप्लेट झाकली जात नाही ना, आणि दोन ई-बाइकचं वजन रॅकला पेलतंय ना, एवढं बघा. आणि वर्षातून एकदाच मखर न्यायचं असेल, तर हिचच्या नादी लागू नका. भाड्याची कार्गो व्हॅन मैलाभाड्यासह गावातल्या गावात शंभर डॉलरच्या आत पडते, आणि ती वर्गणीतून भरता येते.