प्रिंटर अडला तर

गंजाडला पाऊस लागला की मिठाला पाणी सुटते, पापड मऊ पडतात. कागदाचेही तसेच. कागद हवेतला ओलावा पितो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच गावचे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. इथे पुष्कळ घरांत चित्रे काढतात. पावसात कागद जपावा लागतो, हे त्या घरांना सांगायला नको. आम्हांला मात्र ते उशिरा कळले.

आमच्या घरी छोटा प्रिंटर आहे. मोबाईलमधला अर्ज त्यावर छापून निघतो. मध्ये तार नाही. वायफायच्या डब्यातून निरोप जातो. त्या डब्याला राऊटर म्हणतात.

गेल्या आषाढात शेजारची बाई आली. मुलीचा वसतिगृहाचा अर्ज छापायचा होता. शेवटचा दिवस. अर्ज डहाणूला पोचवायचा होता. आम्ही मोबाईलवर बटण दाबले. प्रिंटर ढिम्म!

"गुरुजी, आज नाही निघाला तर पोरीची जागा जाईल."

आम्ही घाईने तेच बटण पाच वेळा दाबले. ही पहिली चूक. रात्री वीज गेली होती. वीज आल्यावर प्रिंटर आधी जागा झाला. त्याला राऊटर सापडला नाही. मग तो तसाच बसून राहिला. अशा वेळी दोन्ही बंद करावे. आधी राऊटर सुरू करावा. दोन-तीन मिनिटे थांबावे. मग प्रिंटर सुरू करावा. बहुतेक प्रिंटरवर वायफायचा दिवा असतो. तो लुकलुकत असेल तर जोडणी झालेली नाही. दिवा स्थिर झाला की समजावे, जोडला.

मोबाईलही त्याच वायफायवर हवा. काही राऊटर दोन नावांनी वायफाय देतात. एका नावात '५जी' असते. पुष्कळ साधे प्रिंटर त्याला जोडत नाहीत; दुसरे नाव निवडावे. राऊटरचा पासवर्ड बदलला, तर प्रिंटरलाही नवा सांगावा लागतो.

प्रिंटर जोडला गेला. पाचही हुकूम एकदम सुटले. पहिल्यालाच दोन दमट कागद चिकटून आत गेले, अडकले. आम्ही हिसका दिला. ही दुसरी चूक. कागद फाटला, तुकडा आत राहिला.

आधी प्रिंटर बंद करून पिन काढावी. लेझर प्रिंटर असेल तर आतला भाग तापलेला असतो. तो निवू द्यावा. झाकण उघडावे. कागद दोन्ही हातांनी धरून हळू ओढावा. तो ज्या दिशेने चालतो त्याच दिशेने ओढावा. सुरी, सुई आत घालू नये. आमचा तुकडा नखाएवढा होता. बॅटरीच्या उजेडात मागच्या झाकणाआड सापडला.

मग मोबाईलवरचे चार जादा हुकूम रद्द केले. कोरडे कागद घेतले. ते फडफडवून सुटे केले. थोडेच ठेवले. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकवल्या. अर्ज निघाला! बाईने तो प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि ती एसटीकडे धावली.

आता आमचे कोरे कागद घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. डबा पापडांचा होता. घरात त्यावरून अजून कुरबुर चालते.