भिलाईत एकटीने पुन्हा उभं राहताना

प्रश्न : मी भिलाईत भाड्याने राहते. नवऱ्याने घराबाहेर काढलं आहे. दहावीनंतर शिक्षण थांबलं. मुलगी यंदा बारावीत आहे. पैसे नाहीत, मग कोर्टकचेरी आणि शिक्षण कसं जमायचं? – एक वाचक, भिलाई

उत्तर : ताई, आधी पैशांची भीती मनातून काढा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती, हे पाहिलं जात नाही. हे फार कमी बायकांना ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं. दुर्गच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज द्या. स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगी मागा. मारहाण किंवा धमकी असेल, तर 181 या महिला हेल्पलाइनवर लगेच फोन करा. महिलांसाठीच्या सरकारी ‘सखी’ केंद्रात समुपदेशन, वैद्यकीय व पोलिसांची मदत आणि तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळतो. देशातलं असं पहिलं केंद्र 2015 मध्ये आपल्या रायपुरातच सुरू झालं.

बारावी तुम्ही छत्तीसगढ राज्य ओपन स्कूलमधून करू शकता. मुलीसाठी भिलाई महिला महाविद्यालय किंवा दुर्गचं शासकीय डॉ. वा. वा. पाटणकर कन्या महाविद्यालय पाहा. शिष्यवृत्तीची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करा. राज्याच्या महतारी वंदन योजनेत परित्यक्ता महिलाही येतात; त्यात महिन्याला 1000 रुपये मिळतात. नवी नोंदणी सुरू आहे का, ते अंगणवाडीत विचारा.

लग्नाचा दाखला, आधार, मुलीचा जन्मदाखला यांच्या प्रती जवळ ठेवा आणि याच आठवड्यात दुर्गला जाऊन या.