'हाताची घडी, तोंडावर बोट' म्हणजे शांतता नव्हे



दहावीच्या पूर्वपरीक्षेत गणिताच्या पेपरआधी मी वर्गाला सांगितलं, "दोन मिनिटं डोळे मिटून एकदम शांत बसा." वर्ग शांत झाला, पण एका मुलीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. पेपर संपल्यावर तिला जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, वर्ग गप्प झाला आणि माझ्या डोक्यातला आवाज आणखी वाढला."

त्या दिवशी धडा मलाच मिळाला. तोंड बंद झालं म्हणजे मन शांत होतंच असं नाही. शांततेत मनाला धरायला काहीतरी द्यावं लागतं.

असं का होतं?

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं. छाती धडधडते, श्वास वरवर होतो, तळहातांना घाम येतो. समोर वाघ असता तर पळायला ही तयारी उपयोगी पडली असती. इथे समोर असतो पेपर! 'नापास झाले तर?', 'बाबा काय म्हणतील?' हे सगळं पुढचं, पण शरीर घाबरतं ते आत्ताच. श्वास, आवाज आणि स्पर्श मात्र कायम आत्ताचेच असतात. लक्ष त्यांच्यावर आणलं की 'पुढे काय' या विचाराची पकड थोडी सैल होते. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोकेही थोडे मंदावतात.

इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरात मौन पाळतात. पण तिथेही नुसतं गप्प बसवत नाहीत. सुरुवातीचे दिवस नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवतात.

वर्गात ५ मिनिटं

१. दप्तर बाजूला, दोन्ही पावलं जमिनीवर. डोळे मिटायची सक्ती नाही. नजर बाकावर ठेवली तरी चालेल.

२. आधी लांबचा आवाज ऐका (रिक्षा, कावळा), मग वर्गातला पंखा, मग अगदी जवळचा.

३. आता ५ श्वास मोजा. घेताना सहज, सोडताना सावकाश. श्वासाकडे लक्ष दिल्यावर ज्याला घाबरायला होतं, त्याने आवाजच ऐकत राहावं.

४. मन भटकणारच. 'विचार आला' एवढंच मनात म्हणा आणि परत या. स्वतःवर रागावू नका.

५. 'आत्ता मला कसं वाटतंय' याची एक ओळ वहीत लिहा. ती कुणाला दाखवायची गरज नाही.

हे थेट परीक्षेच्या दिवशी सुरू करू नका. रोज परिपाठानंतर केलं तरच सवय लागते. आणि दंगा केला म्हणून शिक्षा म्हणून तर हे मौन मुळीच नको. मग मुलं शांततेलाच घाबरतात.

पालकांसाठी

पेपरच्या सकाळी "झालं का सगळं? ते प्रमेय पाठ आहे ना?" असा भडिमार टाळा. टीव्ही, मोबाईल बंद ठेवून १० मिनिटं मुलाशेजारी नुसते बसा. तुमची धावपळ थांबली की त्यालाही हायसं वाटतं.

मात्र हा सगळ्यावरचा इलाज नाही. झोप उडाली, जेवण सुटलं, मूल शाळेला नकोच म्हणू लागलं किंवा जगण्याबद्दल निराशेचं बोललं, तर थांबू नका. समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

पुढे आम्ही रोज हा सराव केला. बोर्डाच्या पेपरनंतर तीच मुलगी भेटली. म्हणाली, "मॅडम, भीती वाटलीच. पण मी पंख्याचा आवाज ऐकला, श्वास मोजले आणि मग पहिला प्रश्न नीट वाचता आला."

भीती पूर्ण जायलाच हवी असं कुठाय? पहिला प्रश्न वाचता आला, की पुढचं मुलं करतात. उद्याच्या परिपाठानंतर ५ मिनिटं काढून बघा. आणि हो, मुलांसोबत आपणही बसायचं बरं का!