परसातील ब्ल्यूबेरी : आधी माती पाहा



परसात ब्ल्यूबेरी लावावी काय, असे काही सभासद विचारतात. लावा, पण जमिनीत नको, कुंडीत लावा.

कारण तुमच्या ओळखीचे आहे. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो. लोह जमिनीत असते, पण मुळांना मिळत नाही. ब्ल्यूबेरी याबाबत उसाहून फार नाजूक. तिला सामू ४.५ ते ५.५ लागतो; आपल्या काळ्या रानाचा बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तिला आंबट मातीच लागते, हे अमेरिकेत फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० साली दाखवले. त्यानंतरच हे रानफळ बागेत आले.

घरची परीक्षा सोपी आहे. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसले तर चुनखडी आहे असे समजा.

कमी थंडीवर फळणारी रोपे घ्या. मोठ्या कुंडीत धुतलेले कोकोपीट भरा, निचरा ठेवा. पाणी शक्यतो साठवलेल्या पावसाचे द्या. विहिरीच्या जड पाण्याने सामू चढतो. नत्रासाठी अमोनियम सल्फेट चिमूटभर पुरे. राख, चुना टाळा. कारखान्याची मळी उसाला चांगली, हिला नको.

आधी वेगवेगळ्या जातींच्या दोनच कुंड्या लावा. त्याने फळही चांगले धरते. वर्षभर पाने हिरवी राहिली, तरच पुढे पैसा घाला.