डागाळलेल्या कागदावरील पत्र

समोरच्या टेकडीवर पांच दिव्यांची एक ओळ आहे, असें समजा. दिवा पेटवावा किंवा विझवावा, एवढीच खूण आपल्या हातीं आहे. सर्व दिवे धड असल्यास ३२ निरनिराळे निरोप धाडतां येतात. परंतु त्यांतील एक बिघडला आहे. तो नेहमीं पेटलेला तरी राहतो, नाहीं तर विझलेला तरी. कोणता बिघडला हें धाडणारास आधींच ठाऊक आहे, दुरून पाहणारास नाहीं. आतां किती निरोप जातील?

दोघांसही ठाऊक असतें तर उरलेल्या चार दिव्यांनीं १६ निरोप गेले असते. पाहणारा अजाण, म्हणून हा आंकडा घटणारच, असें कोणासही वाटेल. प्रस्तुत लेखकासही वाटलें होतें. वाचकांनीं येथें थांबून स्वतः प्रयत्न करावा.

युक्ति अशी. पहिला दिवा विझलेला ठेवून पुढील चारांवर निरोप मांडावा. बिघडलेला दिवा या मांडणीशीं जुळला तर उत्तमच. न जुळल्यास सर्वच मांडणी उलट करावी. पेटवावयाचा तो विझवावा, विझवावयाचा तो पेटवावा. मग तो हट्टी दिवा आपोआप जुळतो, कारण त्यास अवस्था दोनच. पाहणारानें पहिला दिवा विझलेला दिसल्यास पुढील चार जसेच्या तसे वाचावे, पेटलेला दिसल्यास उलटून वाचावे. १६ चे १६ निरोप पोंचतात! आणि दिवा कोणता बिघडला, हें पाहणारास कळण्याची गरजच पडत नाहीं.

निरोपाच्या मार्गाची क्षमता गणितानें मोजतां येते, हें अमेरिकेंतील क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं दाखविलें. मार्गाची स्थिति बदलती असून ती केवळ धाडणारास, तीही क्षणोक्षणीं, कळत असेल तर काय, याचा विचार त्यांनींच १९५८ सालीं केला. हा भेद बारीक पण महत्त्वाचा आहे. दिवे एकामागून एक लावावयाचे आणि हात लावीपर्यंत बिघाड कळावयाचा नाहीं, असें असतें तर वरील युक्ति फसली असती. पहिल्या दिव्याचा निर्णय अगोदरच घ्यावा लागतो ना! सर्व स्थिति आधीं ठाऊक असल्यास क्षमता किती, याचें सर्वसाधारण सूत्र गेल्फांड व पिन्स्कर यांनीं १९८० सालीं दिलें. त्याचें मर्म असें कीं, एकूण सामर्थ्यांतून स्थितीशीं जुळवून घेण्याचा खर्च वजा करावा. आपल्या उदाहरणांत तो खर्च एका दिव्याचा.

१९८३ सालीं मॅक्स कोस्टा यांनीं याहूनही नवलाची गोष्ट सिद्ध केली. कागदावर शाईचे डाग पडले आहेत. ते लिहिणारास दिसतात, पण वाचणारास डाग कोणता व अक्षर कोणतें हें ओळखतां येत नाहीं. लिहिणाराजवळ शाई मोजकीच. डाग झांकूं गेल्यास शाई त्यांतच संपेल. तेव्हां डागांशीं मेळ बसेल अशीच अक्षरें त्यानें निवडावीं. गाउसच्या नियमास अनुसरणारा गोंगाट असलेल्या मार्गांत, डाग कितीही दाट असोत, कोऱ्या कागदाइतकाच मजकूर मावतो.

एकाच मनोऱ्यावरून अनेक तारांनीं बिनतारी संदेश अनेकांस धाडतांना हाच विचार लागू पडतो. एकाचा संदेश दुसऱ्यास डागासारखा बाधतो. पण दोन्ही संदेश मनोऱ्यास आधींच ठाऊक असतात. या रीतीहून अधिक क्षमता तेथें कोणत्याही रीतीनें साधत नाहीं, हें २००६ सालीं सिद्ध झालें.